न शिजणारं कडधान्य आणि पिवळी पडलेली जास्वंद: एका घरातल्या दोन तक्रारींचा अभ्यास

एकाच घरातल्या दोन तक्रारींची ही हकिगत आहे. एक स्वयंपाकघरातली, दुसरी गच्चीतल्या कुंड्यांमधली. दोन्हींवर जवळजवळ चार महिने वेगवेगळे उपाय चालले आणि त्यांतल्या काहींनी त्रास वाढवला. ओळख पटू नये म्हणून घरातल्यांची नावं आणि ठिकाण दिलेलं नाही. घरातल्या ज्येष्ठ बाईंना मी काकू म्हणतो, म्हणून इथेही काकूच.

पार्श्वभूमी

घरात काकू, मुलगा, सून आणि नात. स्वयंपाक बहुतेक काकूंच्या हातचा, कुंड्या सुनेच्या. आठ महिन्यांपूर्वी हे कुटुंब नव्या घरात आलं. येताना आठ कुंड्या सोबत आणल्या: दोन जास्वंदी, एक लिंबू, पुदिना, बाकी मिरची आणि फुलझाडं. झाडं चांगली धट्टीकट्टी होती. जास्वंद तर जुन्या घरी रोज फुलत होती.

जुन्या घरी तलावाचं नळाचं पाणी होतं, नव्या घरी बोअरचं. दुसऱ्याच महिन्यात पाण्याची चव नको वाटायला लागली, म्हणून आरओचा प्युरिफायर बसवला. प्युरिफायर पिण्याचं पाणी देतो तेव्हा बरंचसं पाणी बाजूच्या नळीतून बाहेर टाकतो. त्यांच्या मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन लिटर असं जायचं. पाणी वाया घालवणं सुनेला पटेना. तिने नळी बादलीत सोडली आणि ते पाणी रोज झाडांना घालायला सुरुवात केली. हेतू अगदी चांगला होता, आणि म्हणूनच पुढे कितीतरी दिवस त्या बादलीवर कोणाचा संशय गेला नाही.

अडचण

आधी स्वयंपाकघरातून तक्रार आली. रात्रभर भिजवलेले राजमा आणि हरभरे नेहमीच्या वेळात शिजेनात. साल चामट राहायची, आत कणी लागायची, आणि प्रत्येक खेपेला चार-पाच दाणे तरी कुचर निघायचे. काकूंची परीक्षा साधी: दाणा दोन बोटांत दाबला की बोटचेपा व्हायला हवा. तो होत नव्हता.

साधारण चौथ्या महिन्यात लिंबू आणि जास्वंद पिवळी पडायला लागली. कळ्या उमलायच्या आधी गळायच्या. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या. कुंड्यांच्या काठावर आणि मातीवर पांढरी पुटं दिसायला लागली. ती सगळ्यांनी पाहिली, पण मातीच्या कुंड्यांवर असं येतंच, म्हणून सोडून दिली.

आधी काय करून पाहिलं

कडधान्याच्या बाबतीत पहिला संशय मालावर गेला. जुनं कडधान्य शिजायला जड जातं हे खरंच आहे. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यात असे बदल होतात की तो कितीही भिजवला तरी नीट मऊ होत नाही. म्हणून दोनदा नवा माल आणला. फरक नाही. मग कुकरची रिंग बदलली. त्यानेही काही झालं नाही. मग सोडा. चिमूटभर सोड्याने दाणे मऊ झाले, पण हळूहळू चिमटीचा पाव चमचा आणि पाव चमच्याचा अर्धा झाला. चव साबणासारखी आणि रस्सा गिचका. जास्त सोड्याने बी१ जीवनसत्त्वही नष्ट होतं, ते वेगळंच.

झाडांसाठी सुनेने मला लांबून काढलेला एक फोटो पाठवला. मी लिहिलं, ‘नायट्रोजन कमी पडत असेल, खत दे.’ हे माझं चुकलं, आणि त्याची किंमत झाडांनी मोजली. तिने पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा खत घातलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली आणि वर मूठभर राख. पुढच्या महिन्यात पिवळेपणा आणखी वाढला.

निदान

शेवटी एका रविवारी मी स्वतः गेलो. काकूंनी कोरा चहा दिला. कपात चहावर पातळ, तुटक असा तवंग होता. चमचा फिरवला की त्याचे काळपट तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटत होते. मी विचारलं, ‘काकू, असा चहा कधीपासून होतो?’

‘इथे आल्यापासून. भांडीसुद्धा पांढरी पडतात बघ.’

‘आणि राजमा?’

काकू क्षणभर थांबल्या. ‘अरे, तेही इथे आल्यापासूनच.’

खतं, कुकर, माल यांवर इतकी चर्चा झाली होती, पण ‘कधीपासून’ हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता, मीही नाही. झाडांचा त्रास नंतर दिसला म्हणून तो घर बदलण्याशी जोडला गेला नाही. कुंडीतल्या मातीत क्षार साठायला काही महिने लागतात. भांड्यात ते पहिल्याच दिवशी कळतं.

पाणी तपासलं. मुलाकडे टीडीएस मीटर होता. नळाचं पाणी लिटरला ६४० मिलिग्रॅम, प्युरिफायरचं ४५ आणि झाडांना जाणारं बादलीतलं पाणी ९३० च्या आसपास. हिशेब सरळ आहे. तीन लिटर पाण्यातले क्षार जवळजवळ सगळे दोन लिटरमध्ये गोळा होतात, म्हणजे बाहेर टाकलेलं पाणी मूळ पाण्याच्या दीडपट खारं. झाडांना घरातलं सगळ्यात वाईट पाणी मिळत होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती, याचा अंदाज. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, म्हणजे पाणी किती जड किंवा शाळेच्या भाषेत किती दुष्फेन, हे तो मीटर सांगत नाही. मिठाच्या पाण्याचा टीडीएस खूप असतो, पण ते पाणी जड नसतं. म्हणून थेंब मोजून करायची जडपणाची किट आणली. आकडा लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या जवळ आला. १८० च्या पुढचं पाणी फार जड समजतात.

मग काकूंच्या ओट्यावर एक प्रयोग लावला. एकाच पिशवीतले १००-१०० ग्रॅम राजम्याचे तीन वाटे केले. पहिला नळाच्या पाण्यात भिजवला, दुसरा प्युरिफायरच्या, तिसरा नळाच्याच पण मीठ घातलेल्या पाण्यात, लिटरला १५ ग्रॅम या मापाने. बारा तासांनी तिन्ही निथळले आणि धुतले. दुसरा प्युरिफायरच्या पाण्यात, बाकी दोन्ही नळाच्या पाण्यात, असे उघड्या पातेल्यांत एकसारख्या आचेवर शिजत ठेवले. दर पंधरा मिनिटांनी काकू प्रत्येक पातेल्यातले तीन दाणे चिमटीत दाबून पाहायच्या. प्युरिफायरच्या पाण्यातले तासाभरात बोटचेपे झाले. मिठात भिजवलेल्यांना सव्वा तास लागला, पण साल अगदी मऊ. नुसत्या नळाच्या पाण्यातले पावणेदोन तासांनीही दाबले की साल सटकायची आणि आतला गर कणीदार निघायचा. माल एकच होता, तेव्हा दोष मालाचा नव्हता.

कारण असं आहे. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे बऱ्याच अंशी हे पेक्टिन सुटणं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनच्या साखळ्या आणखी घट्ट बांधून टाकतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि बांधणी सैल होते. सोडा पाणी अल्कधर्मी करून पेक्टिन तोडतो. आंबट घातलं तर उलटं होतं. काकू टोमॅटो सुरुवातीलाच घालायच्या; जड पाण्यात त्याने आणखी भर पडत होती.

मग झाडं जवळून पाहिली, आणि फोटोत काय सुटलं ते दिसलं. पिवळी होती ती शेंड्याची कोवळी पानं. पान फिकट पिवळं, पण त्यावरच्या शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं बरीचशी हिरवी. नायट्रोजन कमी पडला तर झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्याला देतं, त्यामुळे खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. मातीत लोह नसतं असं नाही. माती अल्कधर्मी झाली की ते मुळांना घेता येत नाही. कुंडीतली माती प्युरिफायरच्या पाण्यात कालवून, अर्धा तास ठेवून पीएचची पट्टी बुडवली, तर पीएच ८ च्या वर. (पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा; ७ च्या वर गेला की अल्कधर्मी.) जड पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडी थोडी माती तिकडेच ढकलत होते. त्यात टरफलं म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, आणि राख तर चांगलीच अल्कधर्मी. करपलेल्या कडांचं कारण साठलेले क्षार आणि माझ्या सांगण्यावरून घातलेलं खत.

खात्रीसाठी कुंडीच्या काठावरचं पांढरं पुट चमच्याने खरवडून बशीत घेतलं आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. बारीक बुडबुडे फसफसून वर आले. कार्बोनेट असलं की असंच होतं. मातीवरचं पुट मात्र फारसं फसफसलं नाही, नुसतं विरघळलं. त्यात खताचे क्षार जास्त असावेत. नात हा खेळ पाचसहा वेळा करून मगच थांबली.

पर्याय

सगळ्या घराला सॉफ्टनर बसवावा, असं मुलाचं म्हणणं होतं. आंघोळ, भांडी, कपडे यांसाठी ते सोयीचं. पण नेहमीचा सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेताना त्या जागी सोडियम सोडतो. राजमा शिजेल, झाडांना मात्र ते पाणी चालणार नाही, कारण सोडियम कुंडीतली माती बिघडवतं आणि मुळांनाही बाधतं. सॉफ्टनर बसवलाच तर झाडांचा नळ त्याच्या आधीच वेगळा काढावा लागतो. तूर्त तो विचार बाजूला ठेवला.

पाणी उकळून वापरणं हा फुकटचा उपाय. उकळल्यावर बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा साका होऊन खाली बसतो. निवळ वरून ओतून घ्यायची. पण बाकीचा जडपणा तसाच राहतो, आणि रोज इतकं पाणी उकळायला इंधन लागतं.

मिठात भिजवणं प्रयोगात चांगलं ठरलं होतं. मात्र काकूंना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेलं आहे. भिजवलेलं पाणी फेकलं तरी थोडं मीठ दाण्यात उतरतंच. ते रोजच्या जेवणात नको असं ठरलं, आणि ते मला पटलं.

झाडांसाठी नुसतं प्युरिफायरचं पाणी वापरायचं, तर प्रत्येक लिटरमागे दोन लिटर खारं पाणी तयार होणार. मुलाने सुचवलं की बादलीतल्या पाण्यात प्युरिफायरचं पाणी मिसळू. दोन्ही बाजूंनी निघालेलं पाणी त्याच प्रमाणात परत एकत्र केलं तर मूळ नळाचंच पाणी मिळतं, हे कागदावर मांडलं तेव्हा तो विचार सुटला.

काय केलं

स्वयंपाकघरात एकच नियम केला: कडधान्य भिजवायला आणि शिजवायला प्युरिफायरचं पाणी, बाकी धुणंपाखळणं नळाचं. टोमॅटो आणि इतर आंबट दाणा मऊ झाल्यावरच घालायचं. सोडा बंद. राजम्याबद्दल मी काकूंना आणखी एक गोष्ट सांगितली. नीट न शिजलेल्या राजम्यात एक विषारी द्रव्य शिल्लक राहतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवं. मंद आचेवर कोमट शिजवत ठेवणं धोक्याचं. कणी राहिलेला राजमा ‘थोडा कच्चाच आहे’ म्हणून खाऊन टाकायचा नाही.

झाडांची बादली पहिल्याच दिवशी हलवली. ते पाणी आता फरशी पुसायला आणि संडासात जातं.

साठलेले क्षार धुऊन काढणं हे मोठं काम होतं. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू घालून खालून वाहू द्यायचं असतं. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती, म्हणजे एका कुंडीला ३० लिटर. आठ कुंड्यांना २४० लिटर शुद्ध पाणी काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून निवड केली. लिंबू आणि दोन जास्वंदी धुवायच्या, बाकीच्यांची माती बदलायची. धुतानाही पहिले २० लिटर नळाचंच पाणी वापरलं, कारण कुंडीतली माती त्याहून कितीतरी खारी झालेली होती. शेवटचे १० लिटर प्युरिफायरचं. सुरुवातीला कुंडीखालून चहासारखं तपकिरी पाणी आलं, त्याचा टीडीएस मीटरच्या काट्यापलीकडे गेला. शेवटी शेवटी निवळ यायला लागलं. धुण्याआधी वरची दोन बोटं माती, टरफलांसकट, खरवडून काढून टाकली.

रोजच्या पाण्यासाठी नळाचं आणि हलकं पाणी निम्मंनिम्मं. हलकं पाणी मिळवायला सुनेने एसीच्या नळीखाली बादली ठेवली. हवेतली वाफ थंड होऊन जमणारं ते पाणी, त्यात क्षार नगण्य. मीटरवर २० च्या आत. पिण्याच्या कामाचं नाही, झाडांना चालतं. त्यामुळे प्युरिफायरवरचा भार बराच कमी झाला.

लोहाच्या बाबतीत पाकिटावरची अक्षरं वाचून घेतली. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता यावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, पीएच साडेसहाच्या पुढे मातीत फार टिकत नाही. ८ पीएचच्या मातीला ईडीडीएचए प्रकारच लागतो. तो पाकिटावरच्या मापाने पाण्यात कालवून मातीत दिला. बाकी सगळी खतं तीन आठवडे बंद.

मधेच झालेली चूक

दुसऱ्या आठवड्यात पाहुणे यायचे होते. सुनेला प्रयोगातला मिठाचा वाटा आठवला आणि तिने हरभरे मिठाच्या पाण्यात भिजवले. हरभरे सुरेख शिजले. पण कडधान्य भिजवलेलं पाणी झाडांना घालायची घरातली जुनी सवय, त्यानुसार काकूंनी ते पुदिन्याला घातलं. लिटरला १५ ग्रॅम मीठ म्हणजे मीटरच्या भाषेत १५,००० च्या आसपास, आधीच्या त्या बादलीपेक्षा सोळापट. संध्याकाळपर्यंत पुदिना लोळला, तिसऱ्या दिवशी गेला. काकूंना फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हती. हे पाणी कुंडीत जाता कामा नये, हे मी प्रयोगाच्या वेळीच सांगायला हवं होतं. प्रयोगाचं मिठाचं पाणी मी मोरीत ओतलं होतं, पण का ओतलं ते बोललो नव्हतो.

परिणाम

कडधान्याचा प्रश्न त्याच आठवड्यात सुटला. आता काकूंना पूर्वीइतकाच वेळ लागतो. हरभऱ्यात एखादा कुचर दाणा निघतो, पण तो कुठल्याही मालात निघतोच.

झाडांना वेळ लागला. जास्वंदीच्या शेंड्याला तिसऱ्या आठवड्यात आलेली पानं देठापासून टोकापर्यंत एकसारखी हिरवी होती. आधीची पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत, बरीचशी गळली. सुनेला वाटलं उपाय लागू पडला नाही. जुन्या पानांकडे नाही, नव्यांकडे पाहायचं, हे तिला दोनदा सांगावं लागलं. दोन महिन्यांनी एका जास्वंदीला फूल आलं. लिंबाची एक फांदी टोकापासून वाळत आली होती, ती हिरव्या भागापर्यंत छाटली. बाकी झाड फुटतंय, पण बहर अजून नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी लांबच्या फोटोवरून सल्ला द्यायला नको होता. निदान तीन फोटो मागायला हवे होते: शेंड्याचं पान, बुडाचं पान आणि मातीचा पृष्ठभाग. तेवढ्यावरून नायट्रोजन आणि लोह यांतला फरक घरबसल्या कळला असता आणि खताच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

टरफलं आणि राख घालण्याआधी मातीचा पीएच पाहायला हवा होता. आम्लधर्मी मातीत या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात. इथे त्या नेमक्या उलट्या दिशेने गेल्या. पीएचच्या पट्ट्या वापरायला दोन मिनिटं लागतात.

नळाचं पाणी पहिल्या महिन्यात तपासलं असतं तर सगळंच लवकर कळलं असतं. तसं पाहिलं तर चहावरचा तवंग पहिल्या आठवड्यापासून समोर होता. पण चहा आणि राजमा काकूंच्या ओट्यावर, कुंड्या सुनेच्या गच्चीत, मीटर मुलाच्या कपाटात. तिघांच्या तक्रारी एकत्र ऐकायची वेळ आली ती त्या रविवारी.

आणि प्रत्येक उपायाचं पाणी शेवटी कुठे जातं ते आधी ठरवायला हवं होतं. आता ओट्याखाली दोन बादल्या आहेत. एकीवर नातीने रंगाने पान काढलंय, दुसरीवर फरशी पुसायचा पोछा. मीठ घातलेलं पाणी दोन्हींत नाही, थेट मोरीत. पुदिन्याच्या रिकाम्या कुंडीत माती बदलून सुनेने नव्या काड्या लावल्यात. परवा पाहिलं तेव्हा त्यांतल्या तिघींना बारीक पालवी होती.